दातातले अकरा किडे

इंदुरात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांच्या, म्हणजे होळकरांच्या समाधींच्या, मागे एक गल्ली नदीकडे उतरते. त्या रविवारी सकाळी नऊलाच तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. गालाला रुमाल बांधलेल्या बायका, कडेवर रडून दमलेली पोरं, कोचिंग क्लास बुडवून आलेला एक मुलगा, जबडा हातात धरून उभा असलेला वर्दीतला शिपाई. सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला लागलेले. गल्लीच्या टोकाला ताडपत्रीखालून धूर निघत होता, आणि धुरामागे बसले होते धुआँवाले गुरुजी.

गुरुजी पन्नाशीचे, कपाळावर भस्म, गळ्यात तीन तऱ्हांच्या माळा. त्यांचे स्वतःचे पुढचे दात पान खाऊन विटकरी झाले होते. पण त्यांच्या तोंडाकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे परातीत बघत होते.

मोठी पितळी परात, तिच्यात चार बोटं पाणी. पाण्यात मधोमध एक वीट. शेगडीत लाल होईस्तोवर तापवलेला लोखंडाचा ठोकळा गुरुजी चिमट्याने त्या विटेवर ठेवायचे. डबीतून तुपात कालवलेलं काहीतरी बोटभर काढून त्याच्यावर टाकायचे आणि वरून झटकन मडकं उपडं घालायचे. मडक्याच्या बुडाला भोक, भोकात बांबूची नळी. रोग्याने वाकून नळी तोंडात धरायची आणि धूर दुखऱ्या दाढेवर घ्यायचा. दोनेक मिनिटं गुरुजी काहीतरी पुटपुटायचे, मडक्यावर तीन टिचक्या मारायचे आणि मडकं उचलायचे. परातीतल्या पाण्यावर बारीक, पांढरे, वाकडे किडे तरंगत असायचे.

"धुआँ अंदर, कीड़ा बाहर! न सुई, न कैंची, न डॉक्टर की ऊँची कुर्सी! देख लो माई, अपनी आँख से देख लो. डॉक्टर ने कभी दिखाया कीड़ा? नहीं दिखाया. क्यों नहीं दिखाया? उसको दिखता ही नहीं!"

ह्यावर जमाव मान डोलवायचा. डॉक्टरला दिसत नाही ते गुरुजींना दिसतं, म्हणजे गुरुजी मोठे. डॉक्टरला न दिसण्याचं दुसरंही काही कारण असेल, असं कुणाच्या मनात येत नव्हतं. खरं सांगायचं तर त्या घटकेला माझ्याही मनात ते नीट येत नव्हतं, आणि मी शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते.

मी मंजिरी. स्नेहलतागंजमध्ये आई, भाऊ, भावजय आणि भाचा अशा घरात राहते. पणजोबा होळकरांच्या दफ्तरात होते, तेव्हापासून आम्ही इंदूरचेच. आमच्या मराठीत हिंदी इतकी मुरलेली आहे की नाशिकहून लग्न होऊन आलेली भावजय, नीरजा, पहिलं वर्षभर आईच्या "भाजी काटते" ला हसायची. भाऊ, हृषीकेश, बँकेत आहे. त्या महिन्यात तो भोपाळला ट्रेनिंगला गेला होता. नीरजा पलासियाला एका सॉफ्टवेअर कंपनीत. त्यामुळे त्यांचा साडेचार वर्षांचा मानस दिवसभर माझ्या आईकडे, म्हणजे भानुमतीबाईंकडे असायचा.

मानसच्या खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढांना भोकं पडली होती. पंधरा दिवस तो पोळीचा तुकडा तोंडात घेऊन नुसता बसायचा, चावायचा नाही. गार पाणी प्यायलं की किंचाळायचा. नीरजाने सोमवारची दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. पण आईच्या भजनी मंडळातल्या कुणीतरी गुरुजींचं नाव सांगितलं, आणि रविवारी सकाळी नीरजा मीटिंगमध्ये अडकलेली असताना आई मानसला घेऊन निघाली. "तू सोबत चल," ती मला म्हणाली, "म्हणजे मग कोणी म्हणायला नको की म्हातारी भोळी आहे."

मी गेले. हात बांधून उभी राहिले. आता ह्यांची हातचलाखी पकडते, असा माझा आव होता.

मानसचा नंबर आला. आईने त्याला पाठीमागून धरलं. धुराने त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, लाळ नळीतून खाली ओघळली. मी गुरुजींच्या हातांवरून नजर हलवली नाही. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या, बोटं रिकामी होती, आणि मडकं एकदा ठेवल्यावर त्यांनी टिचक्यांपुरताच त्याला हात लावला. मडकं उचललं. गुरुजींनी काडीने मोजून दाखवले. अकरा. त्यांच्या आसपास काळसर भुसा तरंगत होता. "ये दाढ़ का मैल," गुरुजी म्हणाले.

किडे पांढरे होते, एकेकाची शेपटी वळलेली होती, आणि पाणी हललं की ते वळवळल्यासारखे वाटत होते. मी ते ह्याच डोळ्यांनी पाहिले. मी वाकून एक उचलायला गेले तर गुरुजींनी परात ओढली आणि पाणी गटारात ओतून दिलं. किडा घरी गेला तर घरभर पसरतो, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मग कसल्याशा तेलात बुडवलेला कापूस मानसच्या दाढेत दाबला. पथ्यं सांगितली: पाच रविवार यायचं, चाळीस दिवस दाताला ब्रश लावायचा नाही कारण ब्रशने किड्यांची अंडी पसरतात, आणि डॉक्टरच्या दारात पाऊल ठेवायचं नाही.

गल्लीतून वर येईतो मानसचं दुखणं थांबलं होतं. त्याने आजीकडे जलेबी मागितली. आजीने दिली.

घरी नीरजा चिडली, पण आवाज न चढवता. न विचारता कसं नेलंत, एवढंच तिने दोनतीनदा विचारलं. आईने मानसला पुढे केलं. तो जलेबी चावत होता, पंधरा दिवसांत पहिल्यांदाच. मग आई माझ्याकडे वळली.

"मंजू, तू तर तिथेच होतीस ना. सांग तिला. किडे होते की नव्हते?"

"होते," मी म्हणाले.

तेवढंच म्हणून मी थांबले. नीरजाच्या ऑफिसात तो कामाच्या फार ओढाताणीचा आठवडा होता, पोराचं दुखणं थांबलेलं दिसत होतं, आणि घरातली जीवशास्त्राची बाई किडे होते म्हणत होती. तिने सोमवारची वेळ पुढे ढकलली.

तो आठवडा मला चैन पडलं नाही. वर्गात गांडुळाची आकृती काढताना खडू थांबायचा. दातात किडा राहील तर श्वास कसा घेईल, खाईल काय, अंडी कुणी घातली, आणि धुराला घाबरून पळायचंच तर तो नेमका नळीचं भोक शोधून खाली उडी का मारेल? सगळे प्रश्न बरोबर होते. पण प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी ती परात होती आणि तिच्यात अकरा किडे होते. बसस्टॉपवर, भाजी घेताना, पेपर तपासताना तेच. एकदा मी मानसला उजेडात उभं करून त्याचं तोंड उघडून पाहिलं. भोकं होती तशीच होती. कापूस पडून गेला होता. चार दिवसांत ब्रश न लागल्याने दातांच्या मुळाशी पिवळट साय धरली होती आणि हिरड्या लाल झाल्या होत्या. मी आईला म्हटलं, ब्रश तरी करू दे. ती म्हणाली, "गुरुजींनी नको सांगितलंय, तू कशाला मधे पडते?" मी गप्प बसले. ज्याचं उत्तर आपल्याला देता येत नाही त्याविरुद्ध बोलायला मला लाज वाटत होती. माझी सगळ्यात मोठी चूक तीच.

गुरुवारी दुपारी आईचा शाळेत फोन आला. मानसचा उजवा गाल सुजला होता. मी घरी पोचले तेव्हा त्याचं अंग भाजत होतं, जबड्याखाली कडक गाठ लागत होती आणि तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. आईने भजनी मंडळातल्या बाईंकरवी गुरुजींना विचारलं होतं. निरोप आला होता: उरलेले किडे घाबरून पळताहेत, म्हणून गाल फुगलाय, रविवारी आणा, तोवर हळदीचा शेक द्या.

आई हळद गरम करत होती. मी मानसला उचललं. ती गॅस बंद करून चपला घालून माझ्या मागून निघाली. नीरजा ऑफिसातून परस्पर पलासियाला दवाखान्यात आली. संध्याकाळच्या गर्दीत रिक्षा सिग्नलला थांबली की आई पदराने मानसच्या कपाळावरचा घाम पुसायची आणि रिक्षावाल्याला इंदुरी थाटात म्हणायची, "भिया, जरा निकालो ना गाड़ी."

डॉ. स्मिता लहान मुलांचेच दात बघतात. त्यांनी मानसला नीरजाच्या मांडीवर आडवं घेतलं, बॅटरीने पाहिलं आणि आधी ताप मोजला. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. दाढेच्या भोकातूनच वाट करून त्यांनी तो काढला, औषधं लिहून दिली आणि सूज उतरली की शनिवारी दाढ काढू म्हणाल्या. मग आमच्याकडे वळल्या.

"आज आलात ते बरं केलंत. ही सूज गळ्यात उतरली तर श्वास अडतो. मग मी नाही, मोठं हॉस्पिटलच."

नीरजा खुर्चीच्या कडेला बसली होती. डॉक्टर शांतपणे विचारत गेल्या आणि ती सांगत गेली. हो, साडेतीन वर्षांपर्यंत झोपताना दुधाची बाटली. हो, दोन चमचे साखर घालून. त्याशिवाय झोपायचाच नाही, आणि सकाळी लवकर ऑफिस. हो, ब्रश तो स्वतःच करतो, आम्हाला त्याचं कौतुक. पुढच्या दातांवर हिरडीलगत पांढरट पट्टे दिसले होते का? दिसले होते, तिला वाटलं दुधाचे डाग. एवढं सांगून नीरजा रडायला लागली.

डॉक्टरांनी तिला रडू दिलं, आणि मग जे सांगितलं ते दोष देण्यासाठी नव्हतं. तोंडात जंतू सगळ्यांच्याच असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. गोड मिळालं की ते त्याचं आम्ल करतात आणि आम्ल दात पोखरतं. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या मुलाचे दात रात्रभर त्या गोड दुधात भिजतात. ते पांढरे पट्टे हाच पहिला इशारा; तेव्हा आलं तर बरेचदा दात खोदावाही लागत नाही. सातआठ वर्षांपर्यंत मुलाचे दात मोठ्यांनीच घासायचे, कारण मुलाचा हात मागच्या दाढेपर्यंत नीट पोचत नाही. आणि दुधाचे दात पडणारच म्हणून सोडून द्यायचे नाहीत. ते मागून येणाऱ्या पक्क्या दातांची जागा धरून ठेवतात. मानसची दाढ आता वेळेआधी जाणार, म्हणून तिथे पुढे जागा राखणारी तार बसवावी लागेल.

आई दाराशी उभी राहून ऐकत होती. निघताना मी डॉक्टरांना किड्यांचं विचारलं. त्या म्हणाल्या, "अठरा वर्षं दाढा उघडतेय. एकात किडा भेटलेला नाही. पण त्या परातीत काय होतं ते मला माहीत नाही, मी पाहिलेलं नाही."

हे उत्तर मला फार आवडलं, आणि त्याने माझी तगमग दुप्पट झाली.

शनिवारी दाढ निघाली. ताप गेला. मानस दुसऱ्या बाजूने खिचडी खाऊ लागला. आईच्या हातून देवाची निरांजनं दोनदा पडली. संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "पण किडे तर होते ना गं." ती भांडायला आली नव्हती. किडे खरे असले तर तिने नातवासाठी काहीतरी केलं होतं. खोटे असले तर तिने त्याला धूर पाजून चार दिवस दुखणं दाबून ठेवलं होतं. ह्यातलं दुसरं तिला उचलवत नव्हतं, आणि मी ते तिच्यावर नुसत्या शब्दांनी टाकणार नव्हते.

खालच्या मजल्यावर अप्पासाहेब राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, कोर्टातून निवृत्त, तोंडात वरखाली दोन्ही कवळ्या. स्वतःचा एकही दात नाही. रविवारी सकाळी मी त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, येता का. ते टोपी घेऊनच बाहेर आले.

गल्लीत तसाच जमाव होता. अप्पासाहेब गुरुजींसमोर बसले, उजवा गाल धरून थोडं विव्हळले. कोर्टात पस्तीस वर्षं काढलेली, नाटक त्यांना जमतं. धूर झाला, टिचक्या झाल्या, मडकं उठलं. नऊ किडे. गुरुजींनी जमावाला काडीने दाखवलं: "ऊपर की तीसरी दाढ़. पूरी खोखली कर दी थी, बाबूजी."

अप्पासाहेबांनी शांतपणे दोन्ही कवळ्या काढल्या आणि तळहातावर ठेवल्या.

कुणीतरी मागून हसलं. पुढच्या बायका गोंधळून एकमेकींकडे बघू लागल्या. मला वाटलं, झालं. पण गुरुजींनी पापणीसुद्धा लववली नाही. "दाँत गए, कीड़े थोड़े ही गए," ते म्हणाले. "मसूड़े में बैठे थे बरसों से. अब निकले. बोलो, हल्का लग रहा है कि नहीं?" आणि जमावाने सुटकेचा श्वास सोडला. एक बाई तर म्हणाली, बघा, दात नसलेल्याचेही काढतात.

लबाडी उघडी पडली की लोक लगेच शहाणे होतात, असं मला वाटायचं. तसं होत नाही. धरून ठेवलेला समज सोडायला लोकांना दुसरं काहीतरी हातात द्यावं लागतं. आमच्या हातात अजून काही नव्हतं. पण अप्पासाहेबांनी एक काम चोख केलं होतं. कवळी धुतो म्हणून त्यांनी ती परातीतल्या पाण्यात बुचकळून काढली आणि तशीच ओली डबीत टाकून झाकण लावलं. गुरुजींना डबी मागायला तोंड नव्हतं. कवळीला तीन किडे आणि थोडा भुसा चिकटून आला.

सोमवारी शाळा भरायच्या आधी मी प्रयोगशाळा उघडली. एक किडा काचपट्टीवर घेतला, पाण्याचा थेंब टाकला, सूक्ष्मदर्शक लावला. डोकं शोधलं. डोकं नव्हतं. तोंड नव्हतं, वलयं नव्हती, आतडं नव्हतं. एका टोकाला तो दुभंगलेला होता. मी सुईने ते टोक हळूच उघडलं, तर दोन बारीक पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या. दुसरं टोक निमुळतं होत गेलेलं.

मी स्टुलावर बसले. दर वर्षी मी फळ्यावर बी मधोमध कापून दाखवते: ही दोन बीजदलं, हे मूळ होणारं टोक, हा गर्भ. मुलं वहीत काढतात, मी लाल शाईने बरोबरची खूण करते. तोच गर्भ माझ्यासमोर परातीत तरंगत होता आणि मी त्याला किडा म्हणून घरी साक्ष दिली होती. काळा भुसा म्हणजे दाढेचा मैल नव्हे, तर फुटलेल्या बियांची टरफलं होती.

संध्याकाळी बाजारात जडीबुटीच्या दुकानात ती टरफलं दाखवली. दुकानदाराने बोटावर घेऊन पाहिली. "मॅडमजी, ये तो कटेरी के बीज का छिलका है." कटेरी म्हणजे आपली भुईरिंगणी, रस्त्याकडेला पसरणारी, काटेरी, वांग्याच्या कुळातली. ह्या कुळातल्या बीमध्ये गर्भ वळून, गुंडाळी करून बसलेला असतो. तुपात कालवून लाल लोखंडावर टाकलं की आतली वाफ बी फोडते आणि गर्भ उडून बाहेर पडतो. खाली पाणी असलं की तो त्यात तरंगतो. मी पुडीभर बी विकत घेतलं.

घरी पोचून मी थेट स्वयंपाकघरात गेले. परातीत पाणी घेतलं, मधे वाटी उपडी ठेवली, खलाचा लोखंडी बत्ता गॅसवर लाल केला. आई दारात येऊन उभी राहिली. मी तिला काही सांगितलं नाही. बत्ता वाटीवर आडवा ठेवला, तुपातलं बी त्याच्यावर टाकलं आणि पातेलं पालथं घातलं. आत तडतड झाली. दोन मिनिटांनी पातेलं उचललं.

आई पुढे आली. चष्मा लावून वाकली. मग तिने एकेक करून बोटाने बाजूला सारत मोजले. चौदा.

"ह्यात तर कोणाचं तोंड नव्हतं," ती म्हणाली.

मी मान हलवली. ती मानसजवळ गेली, त्याच्या सुजेने ताणलेल्या आणि आता सैल पडलेल्या गालावरून हात फिरवला, आणि नीरजा घरी आल्यावर तिला म्हणाली, "चूक माझी आहे. तुला न विचारता नेलं." नीरजाने तिचा हात धरला. "डॉक्टरांची वेळ मी पुढे ढकलली, आणि बाटलीही मीच देत होते," ती म्हणाली.

येत्या रविवारी गुरुजींकडे जायचं आईने ठरवलं. मी समजावून सांगेन, बोलेन, असं मी म्हणत होते. ती म्हणाली, "तू बोलशील तर ते म्हणतील मास्तरीण आहे, हिला काय कळतं. मी जाते."

तिने रांगेत तासभर काढला. नंबर आल्यावर बसली, दाढ दुखते म्हणाली. गुरुजींनी तिला ओळखलं नाही. रोज शंभर तोंडं बघणाऱ्याला तोंडं लक्षात राहत नाहीत. लोखंड ठेवलं, बी टाकलं, मडकं घातलं, नळी तिच्याकडे वळवली. आई वाकली नाही. तिने नळीच्या तोंडावर आपला अंगठा घट्ट दाबून धरला.

"मुँह लगाओ माताजी, धुआँ बेकार जा रहा है."

"नहीं लगाती," आई म्हणाली. "मेरा मुँह इधर है. अब मटकी उठाओ गुरुजी, देखते हैं कीड़े किसके हैं."

गुरुजींचा हात मडक्याकडे गेलाच नाही. बिना रोगी के मंत्र उलटा पड़ता है, असं ते म्हणू लागले. आई अंगठा न काढता तशीच बसून राहिली. मागच्या रांगेतली एक बाई, तिच्या कडेवर दहा महिन्यांचं मूल होतं, पुढे आली आणि तिनेच मडकं उचललं.

पाण्यावर किडे तरंगत होते. आसपास काळा भुसा होता.

गुरुजी म्हणाले, कीड़े हवा में भी होते हैं. पण ह्या वेळी कुणी मान डोलवली नाही. मग मी पुढे झाले. भिजवून आणलेलं बी ब्लेडने चिरलं, आतला वळलेला गर्भ काडीवर काढून परातीतल्या किड्याशेजारी ठेवला आणि भिंग लोकांच्या हातात दिलं. एकामागून एक माणसं वाकून बघत गेली. एक गृहस्थ मात्र आमच्यावरच संतापले: त्यांचं दुखणं खरोखर थांबलं होतं, ते काय खोटं होतं? खोटं नव्हतं. कापूस लवंगेच्या तेलातला होता, मी त्यांना म्हटलं, वासावरून कळतं. लवंगेच्या तेलाने दुखणं बधिर होतं. कीड आत पुढे सरकतच राहते. माझ्या भाच्याची सरकली. मी त्यांना मानसचा त्या गुरुवारचा, गाल सुजलेला फोटो दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला, पण पटलं असं म्हणाले नाहीत.

गुरुजींनी शेगडी विझवली. दुसऱ्या दिवशी ताडपत्री नव्हती. दुसऱ्या कुठल्या गावी त्यांनी मडकं मांडलं असेलच. बी स्वस्त आहे आणि दात सगळीकडे दुखतात.

आम्ही निघालो तेव्हा ती दहा महिन्यांच्या मुलाची आई आमच्या मागून आली. बाळाचा पहिला दात हिरडीतून दिसू लागला होता, बाळ रात्रंदिवस किरकिरत होतं, म्हणून ती आली होती. तिने मला विचारलं, पण उत्तर माझ्या आईने दिलं. दात येताना हिरडी शिवशिवते, तिथे किडा नसतो. स्वच्छ बोटाने हलकेच दाब, गार ओलं फडकं चावायला दे. दूध पाजून झालं की ओल्या मऊ फडक्याने हिरड्या पूस. दात आला की मऊ ब्रश, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, आणि घासायचं तू स्वतः, रोज दोनदा. बाटली तोंडात देऊन झोपवू नको, साखर तर नकोच. पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा दातांच्या डॉक्टरला दाखव, दुखत नसलं तरी. हे सगळं आई अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत सांगत होती, आणि दवाखान्यात दाराशी उभी राहून तिने एकेक शब्द ऐकला होता हे मला तेव्हा कळलं. त्या बाईला डॉ. स्मितांचा पत्ता हवा होता. आईने तिला रिक्षात बसवलं, पत्ता चुकेल म्हणून स्वतःही तिच्यासोबत बसली, आणि मला म्हणाली, तू जा घरी, मानसचे दात घासायचे आहेत.

मी चालत निघाले. हे मी लिहून ठेवते आहे ते गुरुजींसाठी नाही. समोर चमत्कार दिसला आणि त्याचं उत्तर आपल्याला देता आलं नाही, तर लाजू नका आणि गप्पही बसू नका. "मला माहीत नाही" असं स्पष्ट म्हणा, आणि लगेच विचारा: रोगी नसताना हेच घडतं का? एकदा करून बघायला नाही म्हणणारा माणूस काय लपवतोय, ते शोधा. आणि ते शोधत असताना लेकराला मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. आमच्या शंकेचं उत्तर मिळायला आठ दिवस लागले. मानसच्या दाढेपाशी तेवढा वेळ नव्हता.